विश्लेषण : आईचे दूध की बाटली? नवजात बाळाच्या पहिल्या दिवसांत नेमके काय ठरते?

भंडारा जिल्ह्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. पाऊस साधला की बांध्यांमध्ये चिखलणी होते आणि घरातला प्रत्येक हात कामाला हवा असतो. नेमक्या याच काळात, १ ते ७ ऑगस्टदरम्यान, दरवर्षी जागतिक स्तनपान सप्ताह पाळला जातो. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम, हे त्या सप्ताहात सगळेच सांगतात. घराघरांतले प्रश्न मात्र वेगळे असतात. दूध पुरत नसेल तर काय? बाळाचे वजन कमी भरले आणि त्याला दूध ओढताच येत नसेल तर? आई रोवणीला गेली तर मागे बाळाला काय पाजायचे? या प्रश्नांचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, की बाजारातून बाटली येते. ती खरेच लागते का, आणि आईचे दूध देता येत नसेल तर सुरक्षित पर्याय कोणता?

पहिला तास इतका महत्त्वाचा का?

जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान सुरू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची शिफारस आहे.

पहिल्या तासात बाळ सहसा जागे आणि सावध असते. चोखण्याची त्याची ओढही तेव्हा तीव्र असते. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूकडे संदेश जातो आणि दोन संप्रेरके कामाला लागतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते, तर ऑक्सिटोसिन ते बाहेर आणते. ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशयही आकुंचन पावते आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. म्हणजे पहिले दूध बाळाइतकेच आईच्याही कामाचे असते.

सुरुवातीचे दाट, पिवळसर चीक दूध अनेक घरांत पूर्वी ‘खराब’ समजून पिळून टाकले जात असे आणि त्याऐवजी मध, गूळपाणी किंवा गुटी चाटवली जाई. काही ठिकाणी आजही तसे होते. प्रत्यक्षात या दुधात रोगप्रतिकारक घटक सर्वाधिक असतात. मधात मात्र बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये.

प्रसूती रुग्णालयात झाली म्हणजे पहिला तास साधलाच, असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण होते केवळ ४१.८ टक्के. सहा महिन्यांच्या आतील बालकांपैकी ६३.७ टक्के बालके केवळ आईच्या दुधावर होती. आई रुग्णालयापर्यंत पोहोचली, पण बाळाला तिच्या छातीशी लावून देणारे कोणी वेळेवर भेटले नाही, असा या तफावतीचा अर्थ निघतो.

‘दूध पुरत नाही’ असे का वाटते?

वरचे दूध सुरू करण्यामागे सर्वात जास्त ऐकू येणारे कारण हेच. प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस चीक दूध थोडेच येते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर दूधही पुरते, कारण त्याचे पोटच तेवढे लहान असते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान दूध भरून येते. या मधल्या काळात बाळ रडले, की ‘आईला दूधच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

यापुढे जे घडते ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. छातीतून जितके दूध निघते, तितके नवे तयार होते. छाती भरलेलीच राहिली तर शरीर दूध बनवणे कमी करते. बाळाला दोन वेळा वरचे दूध पाजले, तर ते दोन वेळा आईकडे चोखणार नाही आणि तेवढी मागणी कमी होईल. चार-सहा दिवसांत दूध खरोखरच कमी होते आणि घरच्यांची भीती खरी ठरल्यासारखी वाटते. सुरुवातीला दूध कमी नव्हते; वरच्या दुधामुळे ते कमी झाले.

बाळाची पकड चुकली असेल तरीही दूध नीट निघत नाही आणि आईच्या स्तनाग्रांना भेगा पडतात. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, हनुवटी छातीला टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा आणि केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतीचा बराचसा काळसर भाग त्याच्या तोंडात असावा. पकड बरोबर असेल तर पाजताना सतत दुखत नाही. अनुभवी परिचारिकेने किंवा आशाताईने शेजारी बसून एकदा पाजून घेतले, तरी अनेक मातांची अडचण सुटते.

डिंकाचे लाडू, अळीव, मेथी हे बाळंतिणीचे पदार्थ तिच्या पोषणाला हातभार लावतात. पण दूध वाढवण्याचा खात्रीचा उपाय एकच : बाळाला वारंवार, रात्रीही आणि बरोबर पकडीने पाजणे. रात्री प्रोलॅक्टिनचे प्रमाण जास्त असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये.

दूध पुरते आहे, हे कसे ओळखायचे?

रडणे हे एकमेव माप नाही. बाळ भुकेशिवाय थंडी, ओले कापड, पोटातला वायू किंवा नुसते कुशीत यायचे म्हणूनही रडते. त्याऐवजी पुढील खुणा पाहाव्यात.

– पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा फिकट रंगाची लघवी.
– काळसर शी जाऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी होणे.
– दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिणे. पिताना घोट गिळल्याचा आवाज येणे.
– सुरुवातीला घटलेले वजन दहा ते चौदा दिवसांत पुन्हा भरून येणे.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटणे नैसर्गिक आहे. मात्र ही घट जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत पोहोचली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी पाजण्याची गरज नसते. पाजण्याच्या वेळा वाढवाव्या लागतात.

बाटलीला आक्षेप नेमका कशासाठी?

पहिला धोका स्वच्छतेचा. बाटलीचा गळा, बुचाचे आटे आणि रबरी निप्पल यांत दुधाचा थर अडकतो आणि जंतू वाढतात. प्रत्येक वेळी ब्रशने घासून, उकळून घेणे हे सरपण, पाणी आणि वेळ यांची ओढाताण असलेल्या घरात दिवसातून आठ वेळा होत नाही. त्यातून जुलाब होतात आणि काही आठवड्यांच्या बाळाला जुलाब जीवघेणे ठरू शकतात.

दुसरा धोका चोखण्याच्या पद्धतीचा. छातीतून दूध काढायला बाळाला जबडा आणि जीभ यांची मेहनत करावी लागते. बाटलीतून ते आपोआप ओघळते. सुरुवातीलाच बाटलीची सवय लागलेले बाळ पुढे आईकडे नीट पकड घेत नाही, असा अनुभव येतो.

तिसरा धोका खर्चातून येतो. पावडरचा डबा महाग असतो. तो जास्त दिवस पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातले, की बाळाचे पोट भरते पण पोषण होत नाही.

मग बाळाला छातीवर घेता येत नसेल तेव्हा काय? त्यासाठी आपल्याकडे जुने साधन आहे : वाटी-चमचा किंवा बोंडले. दोन्ही सहज घासता येतात आणि उकळता येतात. छातीशी पिऊ न शकणाऱ्या कमी वजनाच्या बाळांना बाटलीऐवजी वाटी, चमचा किंवा बोंडल्यासारख्या चोचीच्या भांड्याने पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मार्गदर्शन आहे. बाळाला थोडे उभे धरावे, चमचा खालच्या ओठाला लावावा आणि त्याला स्वतः दूध घेऊ द्यावे. घशात ओतू नये.

कमी वजनाच्या बाळाचे काय?

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे मानले जाते. खूप लहान, वेळेआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळाला विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूमध्ये ठेवावे लागते.

भंडारा जिल्ह्याला या कक्षाचे नाव एका भीषण घटनेमुळे कायमचे लक्षात राहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयातील या कक्षाला आग लागली. तेव्हा तिथे १७ बालके होती. त्यातील सात वाचवता आली. दहा बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर चर्चा झाली ती अग्निसुरक्षेची, आणि ती होणे आवश्यकच होते. पण सर्वात नाजूक बाळांवर जिथे उपचार होतात, त्या कक्षात आई बहुतेक वेळा दाराबाहेर असते, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. दूध टिकण्याच्या दृष्टीने हीच अडचण असते.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला सुरुवातीला नळीने आणि पुढे वाटी-चमच्याने दूध द्यावे लागते. ते दूध शक्यतो आईचेच असावे. त्यासाठी आईने जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, काढत राहावे. पहिल्या दिवशी थेंबभर निघाले तरी ते बाळापर्यंत पोहोचवावे. बाळ आठ-दहा दिवस कक्षात असताना आईने दूध काढलेच नाही, तर ते बाळ घरी येईपर्यंत दूध आटण्याची भीती असते.

दुसरा उपाय ‘कांगारू मातृसेवा’. यात बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवतात. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेला याविषयीचा अभ्यास २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी लगेच कांगारू मातृसेवा सुरू करण्याची शिफारस केली. श्वासासाठी यंत्राचा आधार लागणारी अतिगंभीर बाळे याला अपवाद आहेत.

आईचे दूध मिळतच नसेल तर?

आई गंभीर आजारी असेल किंवा दगावली असेल, तर दुसरा चांगला पर्याय मातृदुग्धपेढीचा. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी महाराष्ट्रातच, मुंबईच्या शीव रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दात्या मातांची तपासणी करून दूध घेतले जाते आणि ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. अशी केंद्रे वाढावीत म्हणून केंद्र सरकारने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

दुग्धपेढीची सोय नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध द्यावे लागते. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. काळजी मात्र घ्यावी लागते. पावडर निर्जंतुक नसते. त्यामुळे पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी त्यात पावडर मिसळावी आणि मग दूध कोमट करून पाजावे. डब्यावरचे मोजमाप बदलू नये. दोन तासांत न संपलेले दूध टाकून द्यावे. हेही दूध वाटी-चमच्यानेच पाजता येते.

गाईचे, म्हशीचे किंवा शेळीचे दूध नवजात बाळाला देऊ नये. त्यातील प्रथिने आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत आणि लोहही फार कमी असते.

सिझेरियन किंवा आजार असेल तर?

सिझेरियन शस्त्रक्रिया कमरेखालचा भाग बधिर करून झाली असेल, तर आई शुद्धीवर असते आणि मदत मिळाल्यास तासाभरात बाळाला पाजू शकते. आडवे झोपून पाजल्यास टाक्यांवर ताण येत नाही.

सर्दी, ताप, जुलाब यांत स्तनपान थांबवण्याची गरज नसते. विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आजार दुधातून पसरत नाही. केवळ त्यासाठी स्तनपान बंद करू नये, मात्र सुरू असलेल्या औषधांबाबत डॉक्टरांना विचारावे. क्षयरोग असलेल्या आईने उपचार आणि मुखपट्टीसह स्तनपान कसे करावे आणि बाळाला प्रतिबंधक औषध कोणते, हे डॉक्टर ठरवतात. एचआयव्हीबाधित मातांनाही नियमित औषधोपचारासह स्तनपानाचा सल्ला दिला जातो. गॅलॅक्टोसेमियासारख्या अत्यंत दुर्मीळ जन्मजात आजारात मात्र आईचे दूधही देता येत नाही.

रोवणीला जाणाऱ्या आईने काय करावे?

संघटित क्षेत्रातील महिलांना २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. रोवणी करणाऱ्या किंवा घरी बिड्या वळणाऱ्या बाईला ही रजा नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. सहा महिने घरी राहण्याइतके हे पैसे नाहीत, त्यामुळे आई लवकर कामावर जाते. तिला दोष देऊन बाळाचे पोट भरणार नाही. व्यवस्था करावी लागेल.

कामाला निघण्यापूर्वी बाळाला पाजावे आणि स्वच्छ हातांनी, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवावे. साध्या तापमानाला, सावलीत, हे दूध चार तासांपर्यंत चालते. कडक उन्हाळ्यात ते आणखी लवकर वापरावे. घरी फ्रिज असल्यास २४ तासांत संपवावे. हे दूध आगीवर तापवू नये. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी. घरातल्या आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. शेत जवळ असेल, तर दुपारच्या सुटीत बाळाला आईकडे नेता येते. छाती दगडासारखी होईपर्यंत थांबू नये. शेतातही मध्ये दूध काढून मोकळे व्हावे. संध्याकाळी आणि रात्री बाळ मागेल तितक्या वेळा पाजले, तर दूध टिकते.

कायदा काय सांगतो?

बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर का दिसत नाहीत, याचे उत्तर १९९२ च्या कायद्यात आहे. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांचे उत्पादन, पुरवठा आणि वितरण नियंत्रित करणारा हा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्यानुसार पावडर, बाटली आणि दोन वर्षांच्या आतील बालकांसाठीचे डबाबंद अन्न यांची जाहिरात करता येत नाही. मातांना मोफत नमुने देता येत नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देता येत नाहीत आणि पावडरच्या डब्यावर आई किंवा बाळाचे चित्र छापता येत नाही. एखाद्या ठिकाणी बाळंतिणीला कंपनीचा मोफत डबा दिला गेला, तर तो या कायद्याचा भंग आहे.

मदत कोणाकडे मागायची?

भंडाऱ्याला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच महिलांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. त्यामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातूनच पुढे देशभर घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम उभा राहिला. आज रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी भेट देणे अपेक्षित आहे. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही. या भेटीत केवळ वजन नोंदवून न घेता ‘बाळाला पाजताना एकदा बघा’ असे आईने आवर्जून सांगावे.

बाळ पिणे अचानक बंद करत असेल, सुस्त पडत असेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आजारी नवजात बाळाची ने-आण आणि सरकारी रुग्णालयातील उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

जगभर जवळपास सर्व बाळांना स्तनपान मिळाले, तर वर्षाला सुमारे आठ लाख २३ हजार बालमृत्यू टाळता येतील, असा अंदाज २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने मांडला होता. त्यासाठी लागणारे दूध बहुतेक मातांकडे असते. लागते ती पहिल्या तासात बाळाला छातीशी लावून देणारी परिचारिका, तिसऱ्या दिवशी दारात येणारी आशाताई, बाळंतिणीच्या वाट्याचे काम उचलणारे घर आणि दूध काढून ठेवावे लागलेच, तर एक स्वच्छ वाटी आणि चमचा.